लायसन्सच्या नावाखाली १५,०८० रुपये गेले

आधी आकडाच सांगून टाकते: १५,०८०. दोन वर्षांत, हप्त्याहप्त्याने, स्वतःच्या हाताने दिले. वर प्रत्येक वेळी चहा.

काम एवढंसं होतं: लॅपटॉपवरचे व्हिडिओ टीव्हीवर बघायचे. आमच्या सहकारनगरच्या घरात लॅपटॉप आतल्या खोलीत आणि टीव्ही हॉलमध्ये. जुन्या व्हीएचएस कॅसेटी आम्ही कॉम्प्युटरवर घेऊन ठेवल्या होत्या. आमचं लग्न, मुलाची मुंज, नणंदेचं डोहाळजेवण, सगळं. सासूबाई ८४ वर्षांच्या, त्यांना ते टीव्हीवर मोठं बघायचं असे. दर वेळी पेनड्राइव्हवर कॉपी करायची, त्यात लग्नाची फाइल ६ जीबीची आणि पेनड्राइव्ह जुन्या फॅट ३२ पद्धतीचा, म्हणजे ४ जीबीच्या वरची फाइल घेतच नाही. "तुमचं लग्न काही बसत नाही बघा याच्यात," असं आई म्हणायच्या आणि हे मान डोलवायचे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी एक नंबर टाकला. तिशीतला मुलगा आला. नम्र, चपला बाहेर नीट जोडून ठेवणारा. "काकू, घरातच मीडिया सर्व्हर बसवून देतो. पेनड्राइव्हची कटकटच नको." सर्व्हर म्हटल्यावर मी निम्मी हरलेच. बसवायचे ६,००० आणि सर्व्हरचं वार्षिक लायसन्स ३,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४०. टीव्ही अँड्रॉइडचाच होता, त्यावर त्याने कोडी नावाचं व्हिडिओ बघायचं अॅप टाकलं, लॅपटॉपवर कमांड टाइप करायची ती काळी खिडकी उघडून काहीतरी टाइप केलं. मध्येच म्हणाला, "काकू, जरा पाणी मिळेल?" मी पाणी आणेपर्यंत टीव्हीवर डोहाळजेवण सुरू झालं होतं. आईंच्या डोळ्यांत पाणी. मला ३,५४० स्वस्त वाटले.

मग गुरुवार सुरू झाले. पुण्यात राहणाऱ्यांना सांगायला नको, देखभालीसाठी वीज जाते ती गुरुवारी. वीज गेली की राऊटर बंद. वीज आली की टीव्हीवर 'कनेक्शन टाइम्ड आउट'. फोन केला की तो म्हणे, "सर्व्हर हँग झाला असेल, येऊन रिस्टार्ट करावा लागेल." व्हिजिटचे ५००. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी हे म्हणाले, तपकीर गल्लीतून लॅपटॉप थेट टीव्हीला जोडायची एक लांब एचडीएमआय केबल आणली असती तर इतक्या पैशात घराला तोरण बांधता आलं असतं. मी त्यांनाच गप्प केलं.

वर्षाने, ऑक्टोबर २०२४ मध्ये, त्याचा मेसेज आला: "९ तारखेला लायसन्स संपतंय." आणि खरंच ९ तारखेला टीव्ही बंद. या वेळी पाटी वेगळी होती, 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. फसवणुकीचा संशय येणार कसा? सांगितलेल्या तारखेला बंद पडणारी वस्तू उलट खरीच वाटते. ३,५४० दिले. तो आला, काळी खिडकी उघडली, पाणी मागितलं, टीव्ही चालू.

२०२५ ला मेसेज आला तेव्हा भाव वाढला होता, जीएसटी धरून ४,१३०. भाऊबीज होऊ दे, मग देते, असं कळवलं. ९ तारखेला टीव्ही ठरल्याप्रमाणे बंद. आणि दिवाळीला भाची आली.

"मावशी, कसलं लायसन्स?"

"कोडीचं. सर्व्हरचं."

"कोडी फुकट असतं ग. पहिल्यापासून."

खरंच असतं. पूर्वी ते एक्सबीएमसी म्हणून ओळखलं जायचं, २०१४ मध्ये नाव कोडी झालं, आणि ते वापरायला कुणालाही कधी दमडी लागलेली नाही. व्हिडिओ चालवणाऱ्या व्हीएलसीचंही तसंच. बरं, लॅपटॉपवरच्या फाइल घरातल्या दुसऱ्या यंत्राला दाखवणं ही सोय विंडोजमध्येच असते, वेगळा सर्व्हर वगैरे काही बसवलेला नव्हता. मग बंद काय पडतंय?

भाचीने तीच काळी खिडकी उघडली. त्याच्या बिलावर 'लायसन्स आयडी' म्हणून मीडियासर्व्हर हा शब्द होता. तिने 'नेट यूजर' असं टाइप करून पुढे तोच शब्द लिहिला आणि एंटर दाबलं. दहा-पंधरा ओळी आल्या. एका ओळीवर तिने बोट ठेवलं: 'अकाउंट एक्स्पायर्स', आणि पुढे ९ ऑक्टोबर २०२५, रात्रीचे बारा.

मला आधी समजलंच नाही. तिने उलगडून सांगितलं. टीव्हीला लॅपटॉपच्या फाइल बघायच्या तर लॅपटॉपवर एखाद्या खात्याचं नाव आणि पासवर्ड लागतो. त्याने मीडियासर्व्हर नावाचं एक खातं उघडलं, त्याला स्वतःलाच माहीत असलेला पासवर्ड ठेवला आणि बिलावर त्या नावाला लायसन्स आयडी म्हटलं. विंडोजमध्ये कुठल्याही खात्याला मुदत घालता येते, ती त्याने बरोबर एका वर्षाची घातली. मुदत संपली की खातं बंद होतं, टीव्हीला दार उघडत नाही. नूतनीकरण म्हणजे तारीख एक वर्ष पुढे ढकलणं. एका ओळीचं काम, मी स्वयंपाकघरातून पाणी आणेपर्यंत होणारं.

गुरुवारचं कोडं त्याहून साधं निघालं. राऊटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो, १९२.१६८.१.२० असा काहीतरी. राऊटर बंद होऊन सुरू झाला की लॅपटॉपला वेगळाच पत्ता मिळू शकतो, आणि टीव्ही बिचारा जुन्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवत बसतो. राऊटरच्या सेटिंगमध्ये तो पत्ता लॅपटॉपसाठी राखून ठेवता येतो. ते एकदा केलं की विषय संपला. चार वेळा ५०० रुपये घेऊन त्याने नवा पत्ता टाइप करून दिला होता, राखून मात्र एकदाही ठेवला नाही. का ठेवेल?

बिलाकडे तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने होते. याच्या क्रमांकाची सुरुवात २९ ने, म्हणजे कर्नाटक, आणि अक्षरं मोजली तर तेरा. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता कुठलाही क्रमांक तपासता येतो. मी जन्मभर बँकेत व्हाउचर तपासली, आणि घरातलं हे एक बिल डोळ्यांखालून घातलं नाही.

पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते पुढचं. टीव्हीच्या यादीत व्हिडिओंच्या वर 'एफडी पावत्या' असं एक फोल्डर दिसायचं. आईंनी एकदा चुकून उघडलं आणि मोठ्याने वाचलंही होतं. आम्ही हसलो होतो. त्याने फक्त व्हिडिओंचा फोल्डर न देता अख्खा डी ड्राइव्ह उघडा टाकला होता, तोही 'फुल कंट्रोल' देऊन, म्हणजे ज्याच्याकडे ते नाव आणि पासवर्ड असेल तो फाइल बघेलही आणि पुसेलही. त्यात आमचे आधार, पॅन, सगळ्यांचे स्कॅन. वायफायचा पासवर्डही त्याच्याकडे होताच, दर व्हिजिटला मी कौतुकाने सांगायचे.

शिवाय एसएमबी १ ही फाइल वाटण्याची जुनी पद्धत त्याने चालू करून ठेवली होती. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद करून खंडणी मागितली, ती याच जुन्या पद्धतीतल्या फटीतून शिरून. त्याच वर्षाच्या शेवटापासून नव्या विंडोजमध्ये ती मुळात बंदच येते. ती बंद असली की टीव्हीवर नेटवर्कच्या यादीत लॅपटॉप आपोआप दिसत नाही, आणि बहुतेक माणसं इथेच अडतात आणि कुणालातरी बोलावतात. यादीत शोधत बसायचंच नाही. कोडीत 'अॅड नेटवर्क लोकेशन' मध्ये लॅपटॉपचा पत्ता, फोल्डरचं नाव, खातं आणि पासवर्ड हाताने भरायचा.

भाचीने ते खातं पुसलं, नवं उघडलं, त्याला मुदत घातली नाही. पासवर्ड मला टाइप करायला लावला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत उभी राहिली. शेअर केला तो फक्त व्हिडिओंचा फोल्डर, तोही नुसता वाचण्यापुरता. विंडोजमध्ये घरचं वायफाय 'प्रायव्हेट' म्हणून लावलं. एसएमबी १ बंद. लॅपटॉप चार्जिंगला असताना झोपणार नाही असं केलं, राऊटरमध्ये पत्ता राखून ठेवला, आणि वायफायचा पासवर्ड बदलला. पाऊण तास लागला, त्यातली वीस मिनिटं मी राऊटरचा पासवर्ड शोधत होते. तो राऊटरच्या खाली चिकटवलेला होता.

त्याला फोन केला. आवाज तोच, नम्र. "काकू, बोलणं वर्षाचंच झालं होतं ना आपलं? आणि आता भाचीने सेटिंगला हात लावलाय, म्हणजे माझी जबाबदारी संपली." मी जीएसटी क्रमांकाचं विचारलं तेव्हा रेंज गेली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (१९१५) बिलाच्या फोटोसह तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं तेव्हा दोन घरांतून उत्तर आलं, आमच्याकडेही मीडियासर्व्हरच आहे म्हणून. भाची पुण्यातून जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी बी विंगमधल्या काकूंकडे गेलो. त्यांनी लॅपटॉप उघडून दिला, भाचीने तीच ओळ टाइप केली. त्यांची तारीख २ डिसेंबरची होती. काकू कपाटातून पाकीट घेऊन आल्या. त्यात ४,१३० रुपये मोजून आधीच तयार ठेवलेले.