प्रौढ स्काऊटरांचे बॅज आणि सन्मानचिन्हं: मुंबईत काय घ्यावं, कशावर पैसे घालवू नयेत

प्रथम सोपानापासून राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत मुलांच्या बॅजांचा हिशोब प्रत्येक पथक चोख ठेवतं. पथक चालवणारे स्काऊटमास्टर, गाईड कॅप्टन, कबमास्टर, फ्लॉक लीडर यांच्या वाट्याला मात्र बहुधा शाल, श्रीफळ आणि घाईत घेतलेली ॲक्रिलिकची ट्रॉफी येते. हे बदलायला हवं, आणि तेही फार खर्च न करता. त्यासाठी मुंबईत मिळणारे कापडी बॅज, भरतकामाने भरून घेतलेले बॅज, धातूच्या पिना आणि स्मृतिचिन्हं यांची ही पारख.

आधी अधिकृत बॅजांबद्दल. भारत स्काऊट्स आणि गाईड्सचा सदस्यत्वाचा बॅज, जागतिक बॅज, टोपीचा बॅज, स्कार्फ आणि पट्ट्याचं बक्कल या वस्तू संस्थेच्या विक्री केंद्रातूनच घ्याव्यात. राज्य संस्थेचं कार्यालय शिवाजी पार्कच्या स्काऊट पॅव्हेलियनमध्ये आहे. निघण्याआधी फोन करून माल आहे का ते विचारावं. शाळेच्या गणवेशाच्या दुकानांतही बॅज मिळतात आणि लांबून सारखेच दिसतात. जांभळ्या जागतिक बॅजवर नजर टाकली की फरक लगेच कळतो. मधल्या पांढऱ्या लिलीभोवती दोर असतो आणि खाली त्या दोराची रीफ गाठ असते. हलक्या नकलेत ही गाठ म्हणजे नुसता पांढरा ठिपका होतो. मुलांना रीफ गाठ शिकवणाऱ्या माणसाच्या छातीवर असा बॅज शोभत नाही.

दुसरी परीक्षा रंगाची. पांढरा रुमाल ओला करून पिळायचा, बॅजवर ठेवायचा आणि वरून गरम इस्त्री दाबायची. रुमालाला जांभळा, लाल किंवा हिरवा डाग लागला तर तो बॅज पहिल्याच धुण्यात पोलादी करड्या शर्टवर उतरणार. टेरिकॉटवर बसलेला असा डाग सहसा निघत नाही. दुकानात इस्त्री नसेल तर निदान ओला रुमाल अर्धा मिनिट घासून पाहावा. एवढंही करू न देणाऱ्या दुकानातून पथकासाठी ठोक माल घेऊ नये.

कोणता बॅज कुठे लावायचा हे संस्थेच्या एपीआरओ या नियमपुस्तकात दिलेलं आहे. शिंप्याच्या अंदाजावर किंवा जुन्या फोटोवर जाऊ नका. पुस्तकाचं ते पान मोबाइलमध्ये ठेवा आणि शिंप्याला दाखवा. शिवताना सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक खिशाची. शिंपी बॅज खिशावर ठेवून मशीनची टीप मारतो, ती मागच्या शर्टच्या कापडातूनही जाते आणि खिसाच बंद होतो. उसवायला गेलं की टेरिकॉटवर भोकांची रांग उरते. नवीन शर्ट शिवून घेत असाल तर खिसा शर्टला जोडायच्या आधीच त्यावर बॅज लावून घ्या. तयार शर्ट असेल तर खिशात जाड पुठ्ठा सरकवून बॅज हातानेच लावा. टाके बारीक हवेत, दोरा बॅजच्या काठाच्या रंगाचा हवा. पारदर्शक नायलॉनचा दोरा अजिबात नको. इस्त्रीने तो वितळतो आणि त्याची टोकं दिवसभर टोचत राहतात. बाहीवरच्या बॅजची जागा शर्ट अंगात घालून, हात सरळ खाली सोडून खडूने आखायची. टेबलावर सपाट ठेवून आखलेला बॅज अंगावर हमखास पुढे सरकलेला दिसतो.

धुतल्यावर बॅजभोवती चुण्या पडतात त्यात दोष शिवणाऱ्याचा नसतो. बॅजचं सुती कापड आटतं, टेरिकॉट आटत नाही, म्हणून शर्ट ओढला जातो. सुती पायावरचा बॅज रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, उलट्या बाजूने इस्त्री करून मग शिवला तर हा त्रास जवळपास संपतो.

इस्त्रीने चिकटणाऱ्या बॅजचा मोह टाळा. मागचा गोंद पोलादी करड्या टेरिकॉटवर नीट धरत नाही, कारण त्याला जेवढी उष्णता लागते तेवढी दिली तर कापड चकाकतं. कमी दिली तर मुंबईच्या पावसाळ्यात, न वाळलेल्या कपड्यात, कडेपासून सुटायला लागतो. गोंद फक्त बॅज जागेवर धरण्यापुरता वापरावा आणि वरून चारी बाजूंनी टाके घालावेतच.

आता पथकाने स्वतःच्या प्रौढ स्वयंसेवकांसाठी करून घ्यायच्या बॅजकडे येऊ. दहा वर्षं शिबिराचा स्वयंपाक सांभाळणारे पालक, दर रविवारी कब-बुलबुलांना घेऊन येणाऱ्या ताई, आजी-माजी रोव्हर यांच्यासाठी संस्थेचं पदक असेलच असं नाही. पण पथकाचा एक सुंदर भरलेला बॅज त्यांना देता येतो. मात्र दोन अटी पाळाव्या लागतात. संस्थेच्या अधिकृत बॅजची नक्कल करायची नाही, आणि परवानगीशिवाय तो गणवेशावर लावायचा नाही. त्याची जागा हॅवरसॅकवर, शिबिराच्या टोपीवर किंवा शेकोटीच्या ब्लँकेटवर. तिथे तो अधिक मोकळेपणाने मिरवता येतो.

असे बॅज भरून देणारी कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीची युनिटं धारावीत आहेत आणि उपनगरांच्या औद्योगिक गाळ्यांतही सापडतात. तिथे आधी चित्राचं पंचिंग होतं, म्हणजे मशीनला टाक्यांची फाइल तयार करून दिली जाते. त्याचे पैसे एकदाच द्यावे लागतात. नंतरचा दर बॅजमागे, टाक्यांच्या संख्येवर ठरतो. 7.5 सेंटीमीटर व्यासाचा गोल बॅज पूर्ण दोऱ्याने भरला तर सुमारे 14 ते 15 हजार टाके लागतात. पाया ट्विल (तिरप्या विणीच्या) कापडाचा ठेवून फक्त चित्र आणि अक्षरं भरली तर हा आकडा निम्म्यावर येतो, बॅज हलका होतो आणि कडकही राहत नाही. आमची शिफारस ठामपणे ट्विलच्या बाजूने आहे, तेही पॉलिस्टर ट्विल, म्हणजे आटण्याचा प्रश्नच उरत नाही.

पैसे वाचवायचे नाहीत ते पंचिंगमध्ये. स्वस्त पंचिंगमध्ये चित्र सरळ सॉफ्टवेअरला दिलं जातं आणि यंत्र वाटेल तसे टाके टाकतं. मग तंबूच्या दोऱ्या तुटक येतात, ज्योतीच्या कडा फाटतात, भरलेल्या भागाच्या आणि काठाच्या मध्ये कापड डोकावतं. भरताना दोरा कापडाला आत ओढतो, म्हणून जाणकार पंचिंगवाला प्रत्येक आकार किंचित रुंद धरतो. ही ओढ त्याने गृहीत धरली आहे का, ते नमुन्यातल्या वर्तुळावर कळतं. वर्तुळ अंडाकृती झालं असेल तर फाइल परत करायची.

देवनागरी अक्षरांकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. रोमन मोठी अक्षरं 5 मिलिमीटर उंचीतही वाचता येतात, देवनागरीला तेवढं पुरत नाही. शिरोरेघ, वेलांटी, मात्रा, रफार हे सगळं त्याच उंचीत बसवायचं असतं. 8 मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर घेतलं की ‘सेवा’ची मात्रा शिरोरेघेत बुडते आणि ‘र्थ’चा रफार म्हणजे गाठ वाटते. जागा कमी असेल तर मजकूर कमी करा, अक्षर लहान करू नका. बॅजवर पथकाचं नाव, वर्ष आणि एखादा शब्द पुरे. बारीक अक्षरांसाठी नेहमीच्या 40 नंबरऐवजी 60 नंबरचा बारीक दोरा आणि त्याला साजेशी बारीक सुई मागा. जोडाक्षरं तुटलेली नाहीत ना, हे फाइलच्या पडद्यावरच्या चित्रात पाहून चालत नाही. कापडावर भरलेला नमुना हातात घेऊन, एका हाताच्या अंतरावरून वाचा. पंचिंगवाल्याला मराठी वाचता येत असेलच असं नाही, त्यामुळे शुद्धलेखनाची जबाबदारी आपली.

दोरा रेयॉनचा की पॉलिस्टरचा, हे आधीच विचारा. रेयॉनची चमक देखणी असते, पण ब्लीच लागलं की रंग जातो. पॉलिस्टर थोडा कमी चमकतो आणि टिकतो. हॅवरसॅकवर उन्हापावसात राहणाऱ्या बॅजला पॉलिस्टरच हवा. काठ मेरो मशीनचा (कडेवर दोरा गुंफणारं यंत्र), जाड आणि गोल घ्या. नुसत्या सॅटिन टाक्याचा काठ चौकोनी किंवा कोपरे असलेल्या आकाराला ठीक, पण त्याच्या कडेने लवकर धागे निघतात. मेरोच्या काठाचं शेपूट मागच्या बाजूला चिकटवलेलं असतं. ते आधी टाक्याने पक्कं करा, नाहीतर काठ तिथूनच उसवतो.

जरीचे हाताने भरलेले बॅज ब्लेझरवर फार देखणे दिसतात. पण खारट, दमट हवेत जरीचा धागा काळवंडतो आणि हे बॅज धुता येत नाहीत. कायम बंद कपाटात राहणाऱ्या ब्लेझरपुरतेच घ्यावेत.

धातूच्या पिनांचा मुख्य उपयोग गाईड कॅप्टनांसाठी आहे. साडीवर कापडी बॅज शिवता येत नाही आणि साध्या सेफ्टी पिनेने पातळ साडीला भोक पडून ते वाढत जातं. मागे रुंद पट्टी असलेली, दोन काट्यांची पिन चांगली, कारण वजन दोन ठिकाणी विभागलं जातं आणि बॅज फिरत नाही. चुंबकाची पिन साडीला सगळ्यात सोयीची, मात्र पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीला ती देऊ नये. सत्कारमूर्ती ज्येष्ठ असतील तर हे आधी आठवणीने विचारा. पितळी पिनेवर वरून लॅकरचा थर आहे ना, तेही पाहा. नसेल तर एका पावसाळ्यात कडांना हिरवा थर येतो आणि कापडालाही लागतो.

वूड बॅजचे, म्हणजे स्काऊटरांच्या प्रशिक्षणाच्या सन्मानाचे, मणी ही बाजारातून आणायची वस्तूच नाही. 1919 साली इंग्लंडमधल्या गिलवेल पार्कला पहिला अभ्यासक्रम झाला तेव्हा स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी झुलू राजा दिनिझुलूच्या माळेतले म्हणून जपलेले मणी दिले. तिथून ही परंपरा चालत आली. आपल्याकडे बेसिक आणि ॲडव्हान्स्ड अभ्यासक्रम आणि पुढचं काम पूर्ण केल्यावर हिमालय वूड बॅजचे दोन मणी मिळतात. तीन मणी असिस्टंट लीडर ट्रेनरचे, चार लीडर ट्रेनरचे. हौस म्हणून विकत घेतलेले मणी घालणं हा ते मेहनतीने मिळवणाऱ्या सगळ्यांचा अपमान आहे. विकत घ्यायचीच असेल तर मणी ओवायची चामड्याची जादा वादी घ्या. पावसाळ्यात वादीला बुरशी येते. कोरड्या फडक्याने पुसून, रंगहीन पॉलिश लावून ती कागदी पाकिटात ठेवावी, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. वादीऐवजी नायलॉनची दोरी नको, ती चमकते आणि तिची गाठ सरकते.

अमेरिकेतल्या स्काऊटरांची एक पद्धत इथे सांगण्यासारखी आहे. तिथे मिळालेलं पदक रोज लावत नाहीत. त्याऐवजी डाव्या खिशाच्या वर दीड इंच लांब आणि अर्धा इंच रुंद अशी गाठीच्या चित्राची कापडी पट्टी शिवतात आणि पदक समारंभालाच बाहेर काढतात. जड पदकाने शर्टचं कापड ओढलं जात नाही आणि सेवेची नोंद मात्र रोज दिसते. पथकाने स्वतःचा बॅज ठरवतानाही लहान, सपाट, धुता येणारी वस्तू निवडावी ती याच कारणासाठी.

ॲक्रिलिकच्या ट्रॉफीबद्दल थोडक्यातच सांगायचं. मुंबईच्या घरात ती ठेवायला जागा नसते. त्या पैशांत चांगलं प्रमाणपत्र करा. कागद 250 ते 300 जीएसएम, नावाचं लेखन त्या व्यक्तीकडून लिहून घेतलेलं आणि नेमकं काम नोंदवलेलं: कोणत्या पथकात, कोणत्या वर्षापासून, काय सांभाळलं. ‘उल्लेखनीय कार्याबद्दल’ हे तीन हजार प्रमाणपत्रांवर असतं, त्याने कोणाचाही गौरव होत नाही. लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा काढता येत नाही. फ्रेममध्ये कागद काचेला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) घालायला सांगा, नाहीतर दमटपणाने शाई काचेवर उतरते.

संस्थेच्या सन्मानांसाठीची तयारी दुकानात नाही, फाइलमध्ये होते. दीर्घ सेवा, मेडल ऑफ मेरिट, रौप्य तारा आणि सर्वोच्च रौप्य हत्ती या सन्मानांची शिफारस जिल्ह्याकडून राज्याकडे आणि तिथून पुढे जाते. ती अडते ती कागदांवर. वॉरंटवरचं (संस्थेच्या नेमणूकपत्रावरचं) नाव आणि आधार कार्डावरचं नाव वेगळं असतं, प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रांवर तारखा पुसट झालेल्या असतात, शिबिरांची नोंद मुख्याध्यापक बदलल्यावर गहाळ होते. प्रत्येक स्काऊटरची एक फाइल पथकाने ठेवावी आणि तीत वॉरंट क्रमांक, बेसिक व ॲडव्हान्स्डची प्रमाणपत्रं, दरवर्षीची शिबिरं, सेवाप्रकल्प यांच्या प्रती वर्षाच्या शेवटी घालाव्यात. स्वतःसाठी कोणी अर्ज करत बसत नाही. हे काम पथकाच्या समितीचं आहे.

बॅज द्यायचे मुहूर्त ठरलेले: 7 नोव्हेंबरचा स्थापना दिन आणि 22 फेब्रुवारीचा चिंतन दिन. फेब्रुवारीसाठी चित्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पंचिंगला गेलं पाहिजे, म्हणजे नमुना एकदा परत पाठवायला वेळ राहतो. नोव्हेंबरच्या वेळी दिवाळीची गर्दी आणि कारागिरांची सुट्टी आड येते, म्हणून ती ऑर्डर सप्टेंबरअखेरच द्या. लागतात त्यापेक्षा पाच बॅज जास्त भरून घ्या आणि टाक्यांची मूळ फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्या. युनिटचा गाळा बदलला तरी पुढच्या वर्षी पंचिंगचा खर्च पुन्हा पडत नाही.