शिवराई होन घेताय? टंचावर विसंबू नका

शिवराई होन, म्हणजे शिवाजी महाराजांचं सोन्याचं नाणं, घेऊन फसलेले बहुतेक जण एकच सांगतात: "सराफाकडून टंच काढून घेतला होता हो, सोनं खरं निघालं." निघणारच! पावणेतीन ग्रॅम सोन्याचा भाव आणि अस्सल होनासाठी संग्राहक मोजतो ती रक्कम यांत इतका फरक आहे, की खऱ्या सोन्यात नकली होन पाडणं सहज परवडतं. टंचाने कळतो तो कस. नाणं कधीचं ते नाही.

1674 च्या राज्याभिषेकाशी जोडलेलं हे नाणं जेमतेम 13 मिलिमीटरचं, 2.7 ते 2.8 ग्रॅमचं. एका बाजूला ठिपक्यांच्या वर्तुळात तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसरीकडे दोन ओळींत 'छत्र पति'. महाराजांचा चेहरा नाही, साल नाही. चेहरा असेल तर ते आजचं पदक. अस्सल नग फारच थोडे उरलेत, त्यामुळे "आजोबांच्या पेटीत पाच निघाले" असं कोणी म्हटलं की तिथूनच उठावं.

दहापट भिंग जवळ ठेवा. ठशाने ठोकलेल्या नाण्यात धातू दाबाखाली सरकतो, अक्षरांना धार येते. ओतीव नकलेत अक्षरं वापरलेल्या साबणासारखी गुळगुळीत, मधल्या सपाट जागेत सुईच्या टोकाएवढे खड्डे, कडेला साच्याची रेघ किंवा ती घालवताना उमटलेले कानशीचे ओरखडे. आणि दोन नाण्यांवर तोच टोचा त्याच जागी दिसला, तर दोन्ही एकाच साच्यातली.

खोदकामात हंडा सापडल्याची थाप जुनीच. त्यात तपासायला दिलेलं एक नाणं सोन्याचं असतं, पैसे घेऊन हाती पडते ती पितळेची पिशवी. प्रत्येक नाणं पाण्यात तोला. 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. 2.75 ग्रॅमच्या सोन्याला आकडा 0.14 ते 0.16 येतो, पितळेला 0.32 च्या आसपास. नाण्याला बुडबुडा चिकटला तर आकडा वाढतो, तो आधी झटका.

जमिनीत सापडलेला ऐवज दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल, तर 1878 च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. आपणही यात अडकू, या भीतीने घेणारा पोलिसांत जात नाही, हे ठकाला पक्कं ठाऊक असतं.

शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूंच्या व्यापाराला 1972 च्या कायद्याखाली परवाना लागतो, तो आधी पाहा. पावतीवर नुसतं 'जुने सोन्याचे नाणे' चालणार नाही. 'शिवराई होन, अस्सल', वजन, दोन्ही बाजूंचे फोटो आणि नकली ठरल्यास रक्कम परत, एवढं लिहून घ्या. ऑनलाइन पैसे पाठवून फसलात, तर वाद घालत न बसता लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.