सबमर्सिबल, सोलर आणि शेडची वायरिंग: पीव्हीसी, एक्सएलपीई आणि रबर केबल दोन उन्हाळे वापरल्यानंतर

केबल घेताना आपल्याकडे तांबं किती आणि मीटरचा भाव काय, हे दोनच प्रश्न विचारले जातात. वरच्या कोटाकडे लक्ष जातं ते तो तडकल्यावर. ही नोंद त्या कोटाची आहे: जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीबागांवरचे बोअर, तिथलेच सोलर पंप आणि पत्र्याच्या शेडमधली वायरिंग, दोन उन्हाळे आणि मधला पावसाळा एवढ्या वापरानंतर. कंपन्यांची नावं मुद्दाम घातलेली नाहीत. चांगल्या कंपन्यांच्या मालात जो फरक दिसला, त्यापेक्षा मटेरियल कुठे वापरलं आणि कसं बसवलं याने कितीतरी जास्त फरक पडला.

आधी निकाल. बोअरच्या आत पाण्यात असलेली पीव्हीसी फ्लॅट केबल जवळपास नव्यासारखी निघाली. वाट लागली ती बोअरच्या तोंडापासून स्टार्टरच्या पेटीपर्यंत उघड्यावर असलेल्या दोन-चार मीटरची.

याचं कारण पीव्हीसीच्या घडणीत आहे. जळगावात पीव्हीसी म्हटलं की पाइप आणि चटई आठवते. केबलचा कोट मुळात त्याच पावडरीचा, पण पाइपासारखा कडक राहू नये म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य भरपूर घातलेलं असतं. शिवाय स्वस्त पडावं म्हणून कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी आणि उष्णतेत टिकावं म्हणून स्टॅबिलायझर. कोट मऊ असतो तो प्लॅस्टिसायझरमुळे, आणि ते उष्णतेत हळूहळू उडून जातं. पाण्यात केबल थंड राहते, ऊन लागत नाही, म्हणून तिथे काही बिघडत नाही. वर, एप्रिल-मेच्या उन्हात पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना, कोटाचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. वर्षभरात तो भाग कडक, भुरकट होतो.

फसगत इथेच होते. कडक झालेला कोट हलवला नाही तर तडकत नाही. मोटर चालू राहते, मेगर (कोटातून करंट गळतो का हे मोजायचं मीटर) बरा दाखवतो. मग कधीतरी पंप वर काढावा लागतो, केबल वाकते आणि त्या एका वाकण्यात आतल्या गाभ्यापर्यंत (आवरणाखालच्या कोटासकट तारेपर्यंत) चीर जाते. पंप दुरुस्त करून खाली सोडला आणि दुसऱ्याच दिवशी मोटर ट्रिप, अशा तक्रारीत आधी मोटर उघडू नका, बोअरच्या तोंडावरची केबल तपासा. यावर उतारा सोपा आहे. फ्लॅट केबल बोअरच्या तोंडाशीच, सावलीतल्या बंद जंक्शन पेटीत संपवायची आणि तिथून स्टार्टरपर्यंत आर्मर्ड (आत पोलादी तारांचं किंवा पट्ट्यांचं कवच असलेली) केबल न्यायची. ते जमत नसेल तर उघडा भाग काळ्या एचडीपीई पाइपच्या तुकड्यातून न्या, आणि तुकड्याचं खालचं तोंड बुजवू नका, पाणी साचतं.

खाली सोडताना केबल कॉलम पाइपला (पंपाचं पाणी वर आणणाऱ्या पाइपला) साधारण दर तीन मीटरवर बांधावी. जीआय तार वापरू नये. मोटर सुरू होताना दर वेळी पाइपला हिसका बसतो आणि तार कोटात रुतते. जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या उत्तम. एचडीपीई पाइप वजनाने ताणला जातो, म्हणून प्रत्येक दोन बांधांमध्ये केबल किंचित सैल ठेवा, नाहीतर मोटरचं वजन केबलवर येतं. पाइपच्या कपलिंगपाशी केबल केसिंगला (बोअरच्या बाहेरच्या पाइपला) घासते, तिथे जास्तीची पट्टी गुंडाळा.

आता जॉइंट. बोअरमध्ये जेवढ्या केबल फेल झालेल्या दिसल्या, त्यातल्या बहुतेकांत कोट शाबूत होता आणि पाणी जॉइंटमधून शिरलेलं होतं. मोटरच्या लीडला फ्लॅट केबल जोडताना तिन्ही गाभे एकाच लांबीवर कापू नका. पायरीने कापा, म्हणजे तीन जॉइंट एकमेकांपासून पाच-सहा सेंटिमीटर अंतरावर येतात. वरचं आवरण चाकू लांबीच्या दिशेने ओढून काढलं की हमखास आतल्या गाभ्याला चरा पडतो. त्याऐवजी आवरणाला गोल, अर्धवट खोल काप द्या आणि तिथे वाकवा, ते आपोआप फाटतं. तार पिळून जोडण्यापेक्षा मापाचं फेरूल (धातूची जोडनळी) घाला आणि क्रिंपिंग टूलने दाबा, पकडीने नाही.

टेप लावण्याआधी गाभ्याची गुळगुळीत कांती पॉलिश पेपरने घालवा आणि हाताचं ग्रीस पुसा. मग सेल्फ-बाँडिंग रबर टेप, ताणून जवळपास दुप्पट लांब करत, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर येईल असा, फेरूलच्या दोन्ही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर पुढे जाऊन. जाऊन-येऊन दोन थर. ताण दिला नाही तर ही टेप एकजीव होत नाही आणि मग तिचा काही उपयोग नाही. तिन्हींवर मिळून पुन्हा रबर टेप, बाहेरच्या आवरणावर चढवलेली. पीव्हीसी टेप सगळ्यात शेवटी, फक्त खरचटू नये म्हणून. नुसती पीव्हीसी टेप लावलेला जॉइंट पाण्यात टिकत नाही, तिचा गोंद सुटतो आणि आवरणाखालून पाणी वर चढत जातं. आतून गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्हही चालते, पण शेतावर वाऱ्यात ती सगळीकडून सारखी तापवणं कठीण.

जॉइंट झाल्यावर तो प्लॅस्टिकच्या बादलीत पाण्याखाली तासभर ठेवा, पाण्यात एक उघडी तार सोडा आणि त्या तारेपासून गाभ्यांपर्यंत ५०० व्होल्टच्या मेगरने मोजा. मोटरची बॉडी बादलीला किंवा पाण्याला टेकू देऊ नका, नाहीतर रीडिंग मोटरचं मिळेल, जॉइंटचं नाही.

मेगरबद्दल एक गोष्ट बरेच जण ध्यानात घेत नाहीत. पीव्हीसीचा इन्शुलेशन रेझिस्टन्स (मेगर मोजतो तो कोटाचा विरोध) तापमानाने प्रचंड घसरतो. आयएस ५८३१ या भारतीय मानकात साध्या पीव्हीसीसाठी ७० अंशांना जी किमान मर्यादा आहे, ती २७ अंशांच्या मर्यादेच्या हजाराव्या भागाएवढीच आहे. म्हणून मेमधल्या दुपारचं रीडिंग जानेवारीतल्या सकाळच्या रीडिंगशी लावून 'केबल गेली' म्हणू नका. दर वेळी सकाळीच मोजा आणि स्टार्टरच्या झाकणावर आतून लिहून ठेवा. एक मेगओहमच्या खाली गेलं की मात्र शोध घ्यायचा.

एक्सएलपीईकडे येऊ. हे पॉलिथिलीनच, पण त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडलेल्या. त्यामुळे ते तापल्यावर वितळून वाहत नाही. साध्या पीव्हीसीच्या तारेला ७० अंश चालतात, एक्सएलपीईला ९०. शॉर्ट सर्किटमध्ये पीव्हीसीची मर्यादा १६० अंश, एक्सएलपीईची २५०. यात प्लॅस्टिसायझर नाही, म्हणून उडून जायलाही काही नाही, आणि पाणीही फार कमी शोषलं जातं. खांबापासून मीटर पेटी आणि तिथून बोअरपर्यंतच्या ॲल्युमिनियम तारेच्या आर्मर्ड केबलसाठी (आयएस ७०९८ भाग १) आम्ही आता दुसरं काही सुचवत नाही.

पण दोन गोष्टी ग्राहकाला कोणी सांगत नाही. पहिली, 'एक्सएलपीई केबल' म्हणून घेतलेल्या केबलचं बाहेरचं जॅकेट बहुतेक वेळा पीव्हीसीच असतं, फक्त ९० अंशांना चालणाऱ्या एसटी-२ प्रकारातलं. म्हणजे उन्हाचा नियम त्यालाही आहे, काळा रंग असल्याने तो जास्त टिकतो एवढंच. दुसरी जास्त महत्त्वाची. खांबावर किंवा पेटीबाहेर जॅकेट अर्धा मीटर सोलून लाल-पिवळे-निळे गाभे उघडे सोडायची पद्धत आहे. रंगीत एक्सएलपीईत उन्हापासून वाचवणारा कार्बन ब्लॅक नसतो. त्या गाभ्यांवर उन्हाने बारीक आडव्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात दोन फेजमध्ये शॉर्ट होऊन केबल फुटते. सोललेला प्रत्येक इंच काळ्या हीट-श्रिंकने झाका, खर्च नगण्य आहे.

९० अंशांच्या आकड्याने हुरळून जाऊ नये. कोट ९० सोसेल, पण एमसीबी आणि कॉन्टॅक्टरचे टर्मिनल तेवढ्या तापावर चालण्यासाठी केलेले नसतात. एक्सएलपीईचा खरा फायदा गरम जागेत अँपिअर कमी घटवावे लागतात हा. केबलच्या तक्त्यातले अँपिअर ४० अंश हवेचे असतात. ५० अंशांना पीव्हीसीचे ०.८२ पट धरा, एक्सएलपीईचे ०.८९ पट. तापलेल्या पत्र्याला चिकटून गेलेल्या पाइपात ६० अंश झाले तर पीव्हीसी ०.५८ वर येते, एक्सएलपीई ०.७७ वर. तक्त्यात २० अँपिअर दिलेली पीव्हीसी वायर पत्र्याखाली दुपारी जेमतेम साडेअकरा अँपिअरची उरते. पाइप पत्र्यापासून वीतभर खाली घेतला तरी बराच फरक पडतो.

जमिनीत पुरताना पाऊण मीटर खोली, खाली-वर वाळू आणि वर विटा. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या केबलला ओढतात. चरात केबल सरळ ताणून टाकू नका, थोडी नागमोडी टाका. उंदीर-घुशी कोणताही कोट कुरतडतात, एक्सएलपीई कठीण असली तरी. आर्मरला पर्याय नाही. टोकाला बायमेटल लग (तांबं-ॲल्युमिनियम जोडणारं टोक) आणि ग्लँड (पेटीत केबल घट्ट धरणारं तोंड) बसवा. ॲल्युमिनियम दाबाखाली सरकतं, म्हणून पहिल्या उन्हाळ्यानंतर बोल्ट पुन्हा आवळा. लगजवळ कोट तपकिरी होऊन मागे सरकलेला दिसला तर दोष कोटाचा नसतो, बोल्ट ढिला असतो.

सोलर पंपाच्या पॅनेलखालची डीसी केबल हा वेगळा विषय. तिचं मटेरियल क्रॉसलिंक केलेलं (साखळ्या जोडलेलं) पॉलिओलेफिन, हॅलोजन (पीव्हीसीतल्या क्लोरीनसारखं द्रव्य) नसलेलं, १.५ केव्ही डीसीसाठी, आयएस १७२९३ ची. दोन उन्हाळ्यांनंतर हात लावून पाहिली तर मऊपणात फरक नाही. गडबड झाली ती लांबी कमी पडली म्हणून मध्येच उरलेली पीव्हीसी फ्लॅट केबल जोडलेल्या ठिकाणी. दुसऱ्याच उन्हाळ्यात ती पॅनेलच्या ॲल्युमिनियम फ्रेमच्या धारेवर तडकलेली होती. डीसीमधली ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही, तेव्हा ही बचत करू नये. पांढरे नायलॉन टायही उन्हात तुटतात आणि केबल फ्रेमवर घासत लोंबकळते. काळे वापरा.

केळीच्या रायपनिंग चेंबरमध्ये आणि कोल्ड स्टोरेजमध्ये वेगळाच त्रास. पीव्हीसी वायर भिंतीतल्या थर्माकोलला चिकटून गेली की प्लॅस्टिसायझर वायरीतून थर्माकोलमध्ये उतरतं. थर्माकोल विरघळल्यासारखा खड्डा पडतो आणि वायर काडीसारखी कडक होते. तिथे वायर कडक पाइपातूनच न्या, किंवा एक्सएलपीई अथवा हॅलोजन-फ्री वायर घ्या. एरवी शेडसाठी एफआर (आग न पसरवणारी) पुरेशी, पण माणसं कोंडून काम करतात अशा खोलीत एफआरएलएस (जळताना धूर कमी देणारी) किंवा हॅलोजन-फ्री. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. एफआरएलएसमध्ये ती २० टक्क्यांपर्यंत मर्यादित असते, शून्य नसते.

रबर केबल (आयएस ९९६८) फक्त हलत्या कामासाठी: वेल्डिंग, डाळमिलमधलं ओढून न्यायचं यंत्र, थ्रेशर. लवचिकतेत तिला तोड नाही. साध्या रबराला तेल-डिझेल लागलं तर ते फुगतं, तिथे क्लोरोप्रीनचं आवरण मागा. कायमच्या वायरिंगला घेऊन पैसे घालवू नका.

दुकानात ओळखायचं कसं? आयएस नंबर आणि आयएसआयचा परवाना क्रमांक छापलेला असावाच. इंचभर तुकडा मागून घ्या. कोट सोलून पाण्यात टाका: पॉलिथिलीन तरंगतं, पीव्हीसी बुडतं. काडी लावा: पीव्हीसी ज्योत काढली की विझते आणि नाकाला झोंबते, पॉलिथिलीन मेणबत्तीसारखा वास देत जळत राहतं. कोट दुमडून नखाने ओरखडा. पांढरी रेघ उमटून तशीच राहिली तर भुकटीची भर जास्त आहे, असा माल उन्हात सगळ्यात आधी जातो. मग आडवा काप घेऊन तार मधोमध आहे का पाहा. २.५ एमएमच्या (म्हणजे चौरस मिमी) घरगुती वायरला कोट ०.८ मिमी अपेक्षित आहे आणि कुठल्याही एका जागी ०.६२ च्या खाली चालत नाही. एका बाजूला जाड आणि दुसरीकडे कागदासारखा पातळ असेल तर तांबं शंभर टक्के असूनही तो बंडल परत द्या.

उरलेला तुकडा पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नका. दोन्ही टोकांना रबर टेप किंवा एंड कॅप लावून, मोठी गुंडाळी करून, खाली सावलीत ठेवा. उघड्या टोकातून ओल तारांमधून आत चढते आणि पुढच्या हंगामात जोडताना तांबं काळं पडलेलं निघतं. तसं निघालं तर चकचकीत तार दिसेपर्यंत टोक कापत जा, मगच फेरूल घाला.