गरोदरपणातील रक्तचाचणीचा बनावट अहवाल

लातूर जिल्ह्यात शिक्षिकेची नोकरी करताना, वयाच्या 38व्या वर्षी मला पहिल्यांदा दिवस राहिले. आई 35 वर्षांची असताना डाऊन सिंड्रोम, म्हणजे गुणसूत्रातील जन्मजात दोष, असलेले बाळ जन्मण्याची शक्यता साधारण 350त 1 असते आणि चाळिशीला ती 100त 1 इतकी वाढते, म्हणून वारेतून आईच्या रक्तात उतरणाऱ्या डीएनएची तपासणी, म्हणजे एनआयपीटी, करून घ्यावी असे डॉक्टरांनी सांगितले.

हा नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि नेमका याचाच फायदा दवाखान्याबाहेर भेटलेल्या एका माणसाने घेतला. गळ्यात नामांकित प्रयोगशाळेचे ओळखपत्र होते. "मॅडम, बाहेर वीस हजार घेतात, मी घरी येऊन बारा हजारांत करून देतो, या वयात उशीर करू नका," असे तो म्हणाला आणि घरी आल्यावर सासूबाईंसमोरही त्याने माझे वय काढलेच. पैसे त्याने स्वतःच्या मोबाईल क्रमांकावर घेतले. वेगळे पैसे दिल्यास मुलगा की मुलगी तेही सांगतो, असे तो जाऊबाईंच्या कानाशी लागला होता. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या 1994 च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

रक्त त्याने जांभळ्या टोपणाच्या साध्या नळीत घेतले, ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि भर उन्हात मोटारसायकलवरून निघून गेला. या तपासणीला डीएनए टिकवणारे द्रव्य असलेली वेगळी नळी सहसा वापरतात, हे मला पुढे डॉक्टरांकडून कळले. त्याने ना डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली, ना संमतिपत्रावर सही घेतली.

धोका कमी असल्याचा अहवाल व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. विसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टरांनी तो वाचला, तर त्यात माझे वय 28 लिहिलेले होते आणि रक्तातील वारेच्या डीएनएची टक्केवारी कुठेच नव्हती. प्रयोगशाळेत फोन लावला, तेव्हा अहवालावरील क्रमांकाचा नमुना तिथे पोहोचलाच नसल्याचे समजले.

बारा हजार रुपये पगारातून भरून निघतील, गेलेले आठवडे मात्र परत मिळत नाहीत. एनआयपीटी दहाव्या आठवड्यापासून करता येते, पण ती केवळ चाळणी आहे. धोका दिसल्यास गर्भजलाची तपासणी करूनच निदान पक्के होते आणि तिच्या अहवालाला दोन-तीन आठवडे लागू शकतात. गर्भपाताच्या कायद्यातील 2021 च्या दुरुस्तीनंतर, गर्भात गंभीर व्यंग असल्यास दोन डॉक्टरांच्या मताने 24 आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो, पुढे वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. खोट्या कागदावर विसंबून हा काळ निघून गेला, तर पती-पत्नीला शांतपणे विचार करायलाही सवड उरत नाही.

आमचा दुसरा, खरा अहवाल चांगला आला. मी 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आणि पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवली आहे. उशिरा आई होणाऱ्या भगिनींनी नमुना डॉक्टरांमार्फतच द्यावा, पैसे प्रयोगशाळेच्याच खात्यावर भरून पावती घ्यावी आणि अहवाल हाती येताच त्यावरील नमुना क्रमांक प्रयोगशाळेला स्वतः फोन करून पडताळून घ्यावा.