वाडा बघायचा की वाडी? पुण्याच्या पेठा आणि गिरगावची खोताची वाडी

माझी मावसबहीण पनवेलला राहते. सोबत गुडघेदुखीवाले सासरे, दहा वर्षांचा मुलगा आणि हाताशी एकच रविवार. जुनी घरं बघायची तर पुण्याच्या पेठांत जावं की गिरगावात खोताच्या वाडीत, असं तिनं विचारलं. मी दोन्हीकडे पुष्कळदा भटकलोय, तरी उत्तर द्यायला दोन दिवस लागले.

अडचण घरांच्या स्वभावातच आहे. पेठेतला वाडा रस्त्याकडे पाठ करून बसतो. बाहेरून दिसते ती भिंत आणि मोठ्या दरवाजातली वाकून जायची दिंडी. जीव सगळा आतल्या चौकात: ओसरी, माजघर, देवघर, तुळशीवृंदावन. खोताच्या वाडीतलं घर तोंड करतं ते थेट गल्लीकडे. पुढे व्हरांडा, बाहेरूनच वर चढणारा लाकडी जिना, कौलांखाली नक्षीची झालर आणि व्हरांड्यात पेपर वाचणारे काका. म्हणजे पुण्यात कुणी आत घेतलं नाही तर तुम्ही नुसत्या भिंती बघून परत येता. गिरगावात आत न जाताही घर बरंचसं कळतं.

म्हणून पुण्यात एकट्यानं फिरण्यापेक्षा माहितगार माणसासोबतची फेरी घ्या. १८ एप्रिलच्या जागतिक वारसा दिनाच्या सुमारास अशा फेऱ्या निघतात. फक्त फेरी शनिवारवाड्यातच रेंगाळणार असेल तर आधी विचारून घ्या. १७३० साली पायाभरणी झालेल्या त्या वाड्याचं आतलं सगळं १८२८ च्या आगीत गेलं. आता तट, दरवाजे आणि जोती उरलीत. इतिहासासाठी जरूर जा, पण घर बघायचंय तर तिथे घर नाही.

घर बघायचं ते विश्रामबागवाड्यात. दुसऱ्या बाजीरावानं १८०७ मध्ये बांधलेला. पुढे १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, १८७९ मध्ये आगही लागली, तरी वाडा उभा आहे. दर्शनी सज्जाखालचे सागवानी खांब सुरूच्या झाडासारखे, खाली फुगीर आणि वर निमुळते. वर बघा, तुळयांवर कडीपाट, म्हणजे लाकडी फळ्यांचं छत दिसेल. मग दोन खांबांमधलं अंतर पावलांनी मोजा. तो एक खण. जुनी माणसं चौरस फूट सांगत नसत, 'आमचं घर पाच खणी' म्हणत. मुलांना हा खेळ भलता आवडतो. जिने मात्र उभे आणि अरुंद, गुडघेवाल्यांनी खालचेच चौक बघावेत.

त्यानंतर वेळ ठेवायचा तो गंज पेठेतल्या फुलेवाड्यासाठी. बहुतेक फेऱ्या पेशवाई नक्षीतच अडकतात आणि हे बैठं, साधं घर राहून जातं. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ते हे घर. सकाळी विश्रामबाग आणि लगेच हे अंगण बघितलं की त्याच शहरात कोण कुठल्या दारानं आत येऊ शकत होतं, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ज्या भिडेवाड्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा भरली, तो मात्र २०२३ च्या डिसेंबरात पाडला गेला.

केसरीवाडा विश्रामबागवाड्यापासून जवळच आहे. टिळकांनी तो १९०५ मध्ये सयाजीराव गायकवाडांकडून घेतला. अर्धा तास पुरतो.

आता खोताची वाडी. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस इथली जमीन ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना दिली, त्यावरून हे नाव. एकेकाळी पासष्टेक घरं होती, आता तिसाच्या आत आलीत. चर्नी रोड स्टेशनपासून रमतगमत पंधरा मिनिटं. बघून व्हायला तास पुष्कळ, जमीन सपाट. पण बसायला जागा नाही, आणि 'अनंताश्रमात मासे खाऊ' असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, ती खानावळ कधीच बंद झाली. वेफर मात्र मिळतात.

इथे अडचण निराळी. ही राहती घरं आहेत. मागे एकदा मी एका जिन्याचा फोटो घेत होतो, नीट कोन मिळावा म्हणून दोन पावलं मागे सरकलो तो कुणाच्या तरी वाळवणाच्या ताटाला पाय लागला. व्हरांड्यातल्या आजी सोललेला लसूण बाजूला ठेवत म्हणाल्या, "घर बघतोस की आम्हाला?" खजील होऊन ताट सरळ केलं. तेव्हापासून तिथे दहाजणांची टोळी घेऊन जात नाही आणि आधी विचारल्याशिवाय कॅमेरा काढत नाही. दुपारची वेळही टाळतो.

वेळ उरलीच तर जवळच केशवजी नाईकांच्या चाळी आहेत. मुंबईतला सार्वजनिक गणपती १८९३ मध्ये तिथे सुरू झाला. बंगला बघून लगेच चाळीची गॅलरी बघायची मजा पुण्यात नाही मिळत.

चित्रं काढणाऱ्याला, एकट्यादुकट्याला किंवा फक्त संध्याकाळ मोकळी असणाऱ्याला मी डोळे मिटून गिरगाव सांगेन. घर आतून कसं चालायचं हे ज्याला कळून घ्यायचंय, त्यानं पुणं धरावं. गणपतीच्या दहा दिवसांत मात्र पेठांत घरं बघायला जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते.

बहिणीला पुणं सांगितलं. मुलानं विश्रामबागेत खण मोजले, सासरे खालच्या चौकात बसून राहिले. खोताची वाडी तिनं नाताळच्या आठवड्यासाठी ठेवलीय, दारादारांत चांदण्या लागतात तेव्हा. जाताना चौघंच जा, एवढं तिला बजावलंय.