लाकडी घाण्याचं खोबरेल: निफाडच्या थंडीत अख्खा हिवाळा वापरल्यावर

दिवाळीच्या आधी भरून आणलेलं लाकडी घाण्याचं खोबरेल होळीपर्यंत नेमानं वापरलं. माझे कमरेपर्यंतचे सरळ केस, नववीतल्या लेकीचे दाट कुरळे केस आणि सासूबाईंचे विरळ झालेले पांढरे केस, असं तीन डोक्यांवर ते चाललं. मत आधीच सांगून टाकते. केसांच्या लांबीसाठी हे तेल फार चांगलं आहे, कोंड्यासाठी अजिबात नाही, आणि गळती थांबवण्याशी त्याचा काही संबंध मला दिसला नाही.

आम्ही निफाड तालुक्यातले. दर हिवाळ्यात पेपरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा नीचांकी पारा छापून येतो, ते केंद्र आमच्याकडचंच. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तापमान दहाच्या खाली असतंच, कधी कधी पाचच्याही खाली जातं आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. हवा कोरडी ठणठणीत, बोअरचं पाणी जड, अंघोळीला बंबातलं कढत पाणी, आणि सकाळी शाळेत जाताना स्कूटीवर तोंडावर येणारा वारा. दरवर्षी डिसेंबर निम्मा झाला की माझ्या वेणीचं टोक झाडूच्या काडीसारखं व्हायचं. यंदा तसं झालं नाही. फाटे फुटलेले शेंडे कमी दिसले, आणि मुख्य म्हणजे विंचरताना मध्येच तुटणारे आखूड तुकडे जवळजवळ बंद झाले.

हे तुकडे आणि मुळापासून गळलेला केस यांत फरक करायला शिकलं पाहिजे. गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असतो, तुटलेल्याला नसतो. थंडीत कंगव्यात जे येतं त्यात माझ्याकडे तुटलेलेच जास्त असायचे. टाळूबाहेर आलेला केस निर्जीव असतो, तो स्वतःची डागडुजी करत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे माझ्या वेणीचं शेवटचं टोक पाच-सहा हिवाळे सोसून आलेलं आहे. त्याला जे काही सांभाळायचं ते बाहेरूनच.

त्यासाठी खोबरेलच का, याला चांगलं कारण आहे. २००३ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल (खनिज तेलापासून काढलेलं बिनवासाचं तेल) यांची केसांवर तुलना केली होती. धुण्याआधी किंवा नंतर लावलं तर केसांतल्या प्रथिनांची झीज कमी करणारं त्या तिघांत खोबरेल एकटंच निघालं. कंपनी स्वतःच खोबरेल विकते हे लक्षात ठेवूनच तो निष्कर्ष वाचावा, पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल नावाचं स्निग्ध आम्ल असतं. त्याचा रेणू लहान आणि सरळ, त्यामुळे ते केसाच्या आत शिरतं. आत तेल असलं की धुताना केस पाणी पिऊन कमी फुगतो, आणि सारखं फुगणं-आकसणं हीच त्याची मोठी झीज असते. म्हणून मी तेल धुण्याआधी लावते. धुतल्यावर फक्त शेंड्यांना, तळहातावर चोळून उरेल तेवढंच.

आता थंडीतली खरी अडचण. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठतं. कोकणात, गोव्यात बाटली बहुतेक दिवस वाहती राहते, आमच्याकडे नोव्हेंबरपासून ती पांढरी दगड होते. अरुंद तोंडाच्या बाटलीत तेल भरून घेऊच नका. मी रुंद तोंडाची काचेची बरणी ठेवली आहे, कोरड्या चमच्यानं लागेल तेवढं वाटीत काढते आणि वाटी गरम पाण्यात ठेवते. वितळून पुन्हा गोठल्यानं तेल बिघडत नाही. पाण्याचा थेंब गेला तर मात्र वास धरतं. पाव भाग तिळाचं तेल मिसळलं की ते बोटानं निघेल इतपत मऊ राहतं, सासूबाई तसंच वापरतात. तिळाचा वास मला सोसत नाही, म्हणून माझी बरणी वेगळी.

गोठलं म्हणजे शुद्ध, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. ही परीक्षा अर्धवट आहे. कडाक्याच्या थंडीत पातळच राहिलेल्या बाटलीवरचं लेबल वाचावं, बहुतेक वेळा त्यात लिक्विड पॅराफिन, म्हणजे तेच मिनरल ऑइल, लिहिलेलं सापडतं. पण पाम कर्नल तेलही (पामच्या बीच्या गराचं) जवळपास त्याच तापमानाला गोठतं, आणि त्याची भेसळ डोळ्यांना कळत नाही. खात्री हवी तर आपलं खोबरं नेऊन समोर काढून घ्यावं. दोन किलो कोरड्या वाट्यांना आम्हाला लिटरभराच्या आसपास तेल पडलं. खोबरं निवडताना फार पांढरंशुभ्र घेऊ नये, बुरशी लागू नये म्हणून गंधकाची धुरी दिलेलं खोबरं तसं दिसतं.

रात्री तेल चोपडून झोपायचं हा जुना रिवाज आम्ही हिवाळ्यापुरता बंद केला. पहाटेच्या गारठ्यात तेल केसांवरच गोठतं, केस मेणचट होतात, उशी खराब होते आणि धूळ चिकटते. त्यापेक्षा रविवारी सकाळी उन्हं अंगणात आली की तेल लावते. माझ्या लांबीला दोन चहाचे चमचे पुरतात. कानाच्या खालच्या केसांपासून सुरुवात करायची, शेंड्यांना जास्त, आणि हाताला उरेल ते वरवर. दोन-तीन तास उन्हात शेंगा फोडत किंवा वह्या तपासत बसते, मग धुते. पाणी कोमट, कढत नाही. शाम्पू टाळूलाच लावायचा, लांबीवरून वाहून जाणारा फेस तिथं पुरेसा असतो. हे तेल एका हातात निघत नाही, थोडा-थोडा शाम्पू दोनदा घ्यावा लागतो. शिकेकाईनंही निघतं, मात्र पूड थेट लावली तर कण वेणीत दिवसभर राहतात. उकळून गाळलेलं पाणीच बरं.

ओला केस सुक्या केसापेक्षा कमकुवत असतो, ताणला की तुटतो. म्हणून धुतल्या दिवशी शाळा नको, हेल्मेट नको, घट्ट अंबाडा नको. हेल्मेटखाली सुती ओढणीऐवजी मी आता साटीनचा स्कार्फ बांधते. तेलाइतकाच त्याचाही या हिवाळ्यात वाटा आहे असं मला वाटतं, आणि सगळं श्रेय तेलाला देणं बरोबर होणार नाही.

कोंड्याचं मात्र स्पष्ट लिहायला हवं, कारण घरोघरी याच ठिकाणी तेलाचा मारा होतो. डिसेंबरात लेकीच्या टाळूला खाज सुटली, गणवेशाच्या खांद्यावर पिवळट, चिकट पापुद्रे पडायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, टाळू कोरडी पडलीय पोरीची. गरम तेल जिरव, चार दिवसांत जाईल." तेल जिरवलं की रात्रभर बरं वाटायचं, दोन दिवसांनी खाज दुप्पट. त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी बघताक्षणी टाळूचं तेल बंद करायला सांगितलं. मॅलासेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच टाळूवर असते, ती तेलकट पदार्थांतल्या स्निग्ध आम्लांवर जगते. ज्यांच्या टाळूला तिचा त्रास होतो त्यांना वरून तेल घालणं म्हणजे तिला खाऊ घालणंच. दोन टक्के किटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस टाळूवर तीन ते पाच मिनिटं ठेवून, असं चार आठवडे करायला सांगितलं. संक्रांतीपर्यंत खांदे स्वच्छ झाले. तेल तिच्या कुरळ्या लांबीला सुरूच ठेवलं आणि तिथं ते सुंदर काम करतं: गुंता सुटतो, केस फिस्कारत नाहीत.

सासूबाईंचं म्हणणं सगळं चूक नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या टाळूवरून बारीक, पांढरे, कोरडे कण पडतात, खाज फार नसते. वयानं कोरड्या झालेल्या टाळूला हलका तेलाचा हात आणि कमी गरम पाणी एवढ्यानं त्यांना आराम पडला. चिकट-पिवळं की बारीक-कोरडं, हे आधी बघा आणि मग बरणी उघडा. लाली किंवा जखमा असतील तर डॉक्टरकडेच जा.

गळतीबद्दल दोन ओळी. माझ्या जाऊबाईंचे केस जानेवारीत मूठमूठ जात होते, सगळ्यांनी थंडीला दोष दिला. त्यांना ऑक्टोबरात डेंग्यू झाला होता. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस जातात, आणि पावसाळ्याअखेरीस आलेल्या तापाची गळती बरोबर हिवाळ्यात उगवते. तेलानं ती थांबली नाही, थांबणारही नव्हती. काही महिन्यांत आपोआप ओसरते, नाही ओसरली तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासून घ्यावं. रोज पन्नास ते शंभर केस जाणं तसंही सर्वसाधारण धरतात.

तक्रारी आहेत. वास जोरदार आहे, बंद वर्गात शेजारच्या बाईंना कळतो. दर वेळचं तेल सारखं नसतं. एका खेपेला धुरकट वासाचं मिळालं, खोबरं धुरावर वाळवलेलं असणार. ते आम्ही देवघरातल्या समईला वापरून संपवलं. तळाशी गाळ बसतो. आणि दुकानातल्या साध्या बाटलीपेक्षा ते बरंच महाग पडतं. खरं सांगायचं तर केसाच्या आत शिरण्याचं काम लॉरिक आम्लाचं, आणि ते साध्या शुद्ध खोबरेलातही तेवढंच असतं. घाण्याचं मी घेते ते वासासाठी आणि समोर काढलेलं पाहिल्याच्या समाधानासाठी. बजेट तंग असेल तर लेबलवर फक्त खोबरेल लिहिलेली कुठलीही बाटली घ्या आणि वाचलेल्या पैशांत साटीनचा स्कार्फ घ्या.

केस पातळ आणि मुळात तेलकट असतील तर शेंड्यांपलीकडे लावू नका, चिप्प बसतात. रंगवलेल्या, स्ट्रेटनिंग केलेल्या केसांना धुण्याआधी जरूर लावा, त्यांची झीज जास्त असते. आम्ही पुढच्या दिवाळीला पुन्हा घेणार, फक्त त्या वेळी दोन किलोच खोबरं नेणार. मार्चनंतर उन्हात घामाबरोबर ते कपाळावर उतरतं, उरलेल्या बरणीला गिऱ्हाईक राहत नाही.