गॉलवे–एनिस ३५० नंबरची बस: एक अख्खा हिवाळा वापरल्यानंतर

नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५, जवळजवळ प्रत्येक शनिवारी मी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची ही बस पकडली. गॉलवेहून किनव्हारा, बॅलीवॉन, फॅनोर, डूलिन, मोहरचे कडे असं करत ती एनिसला जाते. मला ही बस मनापासून आवडली. पण हिवाळ्यात तिचा दिवस नीट आखावा लागतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे बसायची जागा. इथे वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. जाताना समुद्र उजवीकडे असतो, त्यामुळे मध्ये समोरून येणारी लेन असते. येताना मात्र बस समुद्राच्या बाजूला असते. म्हणून परतीला डावीकडची खिडकी धरा. ब्लॅक हेड या समुद्रात घुसलेल्या टोकाच्या वळणावर त्या खिडकीतून खाली बघितलं की रस्ता दिसतच नाही, एकदम कातळ आणि त्यावर फुटणारी लाट. काचेला आतून वाफ धरते, बाहेरून खाऱ्या पाण्याचा पांढरट थर बसतो. वाफ पुसता येते, मिठाला पावसाची सर यावी लागते. मी पिशवीत एक सुती फडकं ठेवायला लागले, ते चारही महिने कामाला आलं.

आता अडचण अशी की डिसेंबरात पावणेनऊनंतर उजाडतं आणि साडेचारच्या आत सूर्य मावळतो. शेवटच्या बसने परतलात तर ती खिडकी नुसती काळी. सकाळची पहिली बस धरायची आणि परतीची बस उजेडातली ठरवायची, मग मधल्या वेळात जेवढं बघून होईल तेवढं. हे समजायला मला पहिले तीन शनिवार लागले.

फॅनोरला एकदा चुकलंच. किनाऱ्यावर रेंगाळले, बस गेली. पुढची येईपर्यंत अंधार आणि आडवा पाऊस. इथे थांब्यावर नुसतं उभं राहून चालत नाही, हात दाखवावा लागतो, आणि अंधारात हात कोणाला दिसणार? मी मोबाईलचा टॉर्च लावून हलवत राहिले. ड्रायव्हरने बस थांबवली आणि म्हणाला, "दिवा दिसला म्हणून थांबलो. नेहमी असाच लाव." तेव्हापासून थंडीत मोबाईलची बॅटरी कधीच संपू दिली नाही. उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायची इथे सगळ्यांना सवय आहे, त्या दिवशी मी दोनदा म्हटलं.

मोहरचे कडे सर्वात उंच जागी २१४ मीटर आहेत. जवळच १८३५ सालचा ओब्रायन टॉवर आहे. हिवाळ्यात पफिन पक्षी नसतात, डूलिनहून ॲरन बेटांच्या बोटीही बंद असतात, त्यासाठी येऊ नका. वारा मात्र असा की दोन वाक्यं बोलायची तर पाठ फिरवून उभं राहावं लागतं.

मला कड्यांपेक्षा बरेन या खडकाळ प्रदेशाचा चुनखडक जास्त भावला. बॅलीवॉनपासून डोंगरच्या डोंगर राखाडी कातळाचे, भेगाभेगांचे. डूलिनच्या पुढे दगड बदलतो, काळपट शेल आणि वालुकाश्म सुरू होतो, आणि हा बदल बसमधून स्पष्ट कळतो. आणि त्या उघड्या कातळावर, ऐन जानेवारीत, गाई चरत असतात! दुसरीकडे थंडीत जनावरं खाली आणतात, इथे उलट वर नेतात. चुनखडक उन्हाळ्यातली ऊब धरून ठेवतो, जमीन कोरडी राहते. गाईंनी वाळलेलं गवत खाल्लं की वसंतात रानफुलांना जागा मिळते. या रिवाजाला 'विंटरेज' म्हणतात. हे कळल्यावर मी समुद्राची बाजू सोडून कितीदा तरी डोंगराकडे बघत बसले.

वादळाचं मात्र मनावर घ्या. २४ जानेवारीला एओविन वादळ आलं तेव्हा देशभर रेड वॉर्निंग होती, सार्वजनिक वाहतूक पूर्ण थांबली होती. गॉलवे काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) किनाऱ्यावरच्या मेस हेडला वाऱ्याने ताशी १८० किलोमीटरच्या पुढे जाऊन देशातला १९४५ चा विक्रम मोडला. आदल्या रात्री गॉलवे आणि क्लेअर, दोन्ही काउंटींच्या इशाऱ्याचा रंग बघायचा. ऑरेंज असेल तर मी घरीच राहते.

लीप कार्ड, म्हणजे इथलं सार्वजनिक वाहतुकीचं प्रीपेड कार्ड घ्या, रोखीपेक्षा स्वस्त पडतं. आता जेन्शनची निळी फुलं येतील, तेव्हा फॅनोरला उतरायचं आहे, आणि या वेळी पुढच्या बसची घाई नसेल, उजेड रात्रीपर्यंत असतो.